पहिली ३७ मिनिटं उठू नका, मग बोलू : 'वन कट ऑफ द डेड'

शनिवारी रात्री आमच्याकडे सहा जण, प्रोजेक्टर उधार आणलेला, पडदा म्हणजे आईची पांढरी डबल बेडची चादर, आणि पिक्चर निवडायचा नंबर माझा. माझा नंबर आला की बाकीचे आधीच सुस्कारे टाकतात कारण माझी आवड सगळ्यांना माहितीये, टुकार भुताचे पिक्चर, आणि त्यातही ज्यांची स्टोरी एका वाक्यात सांगितली की समोरचा म्हणतो "काय?? परत सांग." तर यावेळी मी लावला 'वन कट ऑफ द डेड', जपानी, २०१७ चा. बाविसाव्या मिनिटाला मंद्या उठला, म्हणे मी खाली जाऊन सिगरेट ओढून येतो तुम्ही चालू ठेवा, हे काय आहे राव, कॅमेरा हलतोय, बाई नुसती किंचाळतेय, झोंबीच्या तोंडाला निळं पीठ फासल्यासारखं दिसतंय. मी दारात आडवी उभी राहिले. अक्षरशः. म्हणलं फक्त पंधरा मिनिटं दे, नंतर मला शिव्या घाल, सिगरेटचे पैसे मी देते.

तर हा रिव्ह्यू त्या पंधरा मिनिटांसाठी आहे असं समजा, कारण हा पिक्चर बघायला घेतलेल्यांपैकी कितीतरी जण तिथेच सोडून देत असतील आणि मग "बकवास" म्हणून एक स्टार टाकत असतील अशी मला दाट शंका आहे.

आधी या जातीच्या पिक्चरबद्दल थोडं. मला महागडे हॉरर आवडत नाहीत असं नाही, पण त्यात सगळं इतकं गुळगुळीत असतं की घाबरायचं तेवढं घाबरून आपण घरी येतो आणि विसरतो. स्वस्तातल्या विनोदी भयपटात मात्र काहीतरी कायम बाहेर लोंबत असतं, शिवण दिसते, आणि ती शिवण बघण्यातच मजा. १९७८ ला अमेरिकेत एक पिक्चर आला ज्यात टोमॅटो माणसं मारतात, भाजीतले टोमॅटो, त्याच्या शूटिंगमध्ये हेलिकॉप्टर खरंच कोसळलं आणि त्यांनी तो शॉट तसाच पिक्चरमध्ये ठेवला कारण परत असं हेलिकॉप्टर कोण पाडून देणार! पीटर जॅक्सन, हो तोच अंगठ्यांच्या तीन पिक्चरवाला, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला, त्याने पहिला पिक्चर न्यूझीलंडमध्ये मित्रांना घेऊन शनिवार-रविवार करत जवळजवळ चार वर्षं काढला, परग्रहावरचे लोक माणसांचं मांस फास्ट फूडसाठी न्यायला येतात अशी स्टोरी, आणि त्या परग्रहवासियांचे मुखवटे त्याने आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजलेले. त्या माऊलीने नंतर त्यात केक केला का हा प्रश्न मला कायम पडतो.

आणि लांब कशाला जायचं, 'झपाटलेला' काय वेगळं आहे? १९९३. गुंड मरताना मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो. ही स्टोरी तुम्ही आज कोणाला चहाच्या टपरीवर सांगा, हसून मरेल. पण रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि समोर लक्ष्या ज्या जीवाच्या आकांताने घाबरतो ना, त्याच्यामुळे आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी आपल्या बाहुल्या तोंड भिंतीकडे करून ठेवल्या. मी ठेवलेली. निळे डोळे मिटणारी होती, ते डोळे रात्री उघडे आहेत की मिटलेले हे बघायला उठायची माझी हिंमत नव्हती.

माझं म्हणणं एवढंच की स्टोरी कितीही येडी असू दे, पिक्चरमधल्या माणसांना ती येडी वाटता कामा नये. आजकाल काही जण मुद्दाम वाईट पिक्चर काढतात, शार्क उडतायत, अमुक होतंय, आणि प्रत्येक सीनला प्रेक्षकाला डोळा मारतात की बघा आम्ही किती मुद्दाम वाईट आहोत. ते मला दहा मिनिटांवर झेपत नाहीत. स्वतःच्याच जोकवर आधी हसणारा माणूस असतो ना लग्नात, तसं वाटतं. 'वन कट'मध्ये एकही जण डोळा मारत नाही, सगळे घामाघूम आहेत.

आता पिक्चर. एक बंद पडलेला जलशुद्धीकरण कारखाना, तिथे एक फुटकळ टीम झोंबीचा पिक्चर शूट करतेय. हिरोईनला नीट घाबरता येत नाही, बेचाळीस टेक झालेत, डायरेक्टर तिच्या अंगावर धावून जातो, तुझा चेहरा खोटा आहे म्हणून आरडाओरडा, मग ब्रेक होतो आणि ब्रेकमध्ये खरेच झोंबी येतात. डायरेक्टर खूश! खरी भीती मिळाली, कॅमेरा बंद करू नका! (जपानी नावाचा अर्थच मुळी तो आहे, 'कॅमेरा बंद करू नका'.) आणि हे सगळं ३७ मिनिटं एका शॉटमध्ये, कट नाही. म्हणजे कोणी कुठे चुकलं, अडखळलं, तर पुन्हा पहिल्यापासून. सहा टेक घ्यावे लागले म्हणे त्यांना.

ऐकायला भारी वाटतं पण बघताना खरं सांगते, पहिल्यांदा बघितला तेव्हा मीही वैतागलेले. सगळं काहीतरी विचित्र चालू असतं. मेकअपवाली बाई, हिरो आणि हिरोईन उभे आहेत, बोलायला काही नाही, मग हिरो विचारतो तुमचा छंद काय, बाई म्हणते सेल्फ डिफेन्स, मग ती मागून कोणी पकडलं तर हात असे वर करून "पोम!" करून कसं सुटायचं ते करून दाखवते, मग परत शांतता. लांबच लांब शांतता. साउंडवाला मध्येच उठून एक शब्द न बोलता बाहेर चालायला लागतो, बाहेर झोंबी आहेत तरी. कॅमेरा एकदा जमिनीवर पडतो आणि बराच वेळ तसाच गवतात पडून राहतो. मग उचलला जातो आणि उचलल्यापासून उगाच झूम इन झूम आउट सुरू, एखाद्या मामाने लग्नाच्या व्हिडिओत केल्यासारखं. हिरोईनला अचानक एक कुऱ्हाड सापडते आणि ती मोठ्याने म्हणते, अरे इथे कुऱ्हाड, नशीबच म्हणायचं. लेन्सवर रक्त उडतं आणि कोणीतरी ते पुसतं. पुसतं!! मंद्या उठला तो याच सुमाराला.

३७ मिनिटांनी चक्क श्रेयनामावली येते. आमच्याकडे एकीने दिवा लावला, तिला वाटलं संपला.

इथून पुढे थोडं फोडणार आहे. ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी इथेच थांबा, जाऊन बघा आणि मग या, मी कुठे जात नाहीये. ट्रेलर बघू नका, ट्रेलरमध्ये नको ते दाखवून ठेवलंय.

तर, एक महिना आधी. नवीन टीव्ही चॅनेल सुरू होतोय, झोंबी चॅनेल (हीच कल्पना किती थोर आहे), त्यांना उद्घाटनाला झोंबीचा कार्यक्रम पाहिजे, एका शॉटमध्ये, आणि लाइव्ह. कोणीही शहाणा माणूस नाही म्हणेल म्हणून ते हिगुराशी नावाच्या डायरेक्टरकडे येतात ज्याचं ब्रीद आहे लवकर, स्वस्त, आणि दर्जा बरा. हा माणूस मला इतका ओळखीचा वाटला की काय सांगू. सगळ्यांपुढे मान डोलावणारा, हिरो शंका काढतो की झोंबी कुऱ्हाड कशी धरेल तर "हो हो बरोबर आहे तुमचं", हिरोईनची एजन्सी अडवते तर "चालेल चालेल". घरी पोरगी आहे, तिलाही डायरेक्टर व्हायचंय, पण ती बापाच्या उलट, एका शूटिंगला छोट्या मुलाच्या डोळ्यात ड्रॉप्स घालायला नकार देते, खरं रडू दे म्हणते, आणि काम घालवून बसते. बायको आधी नटी होती, सोडलं, कारण भूमिकेत एकदा शिरली की बाहेर यायचं भान राहत नाही आणि लोकांना लागतं. टीममध्ये एक दारुडा नट, एक साउंडवाल्याचं काम करणारा ज्याचं पोट इतकं नाजूक की त्याला ठराविकच पाणी लागतं. आणि ऐन लाइव्हच्या दिवशी डायरेक्टरचं आणि मेकअपवालीचं काम करणारे दोघं येऊच शकत नाहीत, तर खरा डायरेक्टर आणि त्याची बायको, जिने घरी बसून स्क्रिप्ट पाठ केलंय, त्या भूमिकांत उभे राहतात.

हा मधला भाग थोडा रेंगाळतो, खोटं कशाला बोला. साधारण वीस-पंचवीस मिनिटं तुम्हाला वाटेल की हा आता घरगुती मालिका झाला. आमच्यातल्या दोघांनी मोबाईल काढले. पण यातलं काही सोडू नका कारण तिसऱ्या भागात याच सगळ्याचं व्याजासकट परत मिळतं.

तिसरा भाग म्हणजे तीच ३७ मिनिटं, म्हणजे हाच तो लाइव्ह कार्यक्रम, पण विंगेतून.

आणि इथे मी थोडी विषय सोडून बोलणार आहे, पण सोडलेला नाही, बघा. कॉलेजात असताना आम्ही एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत उतरलेलो, मी नेपथ्यात, म्हणजे फ्लॅट (सेटची लाकडी चौकटीची खोटी भिंत) उचला, लेव्हल (उंचवट्याचे चौथरे) लावा, खिळे ठोका, चहा आणा. सेटवर मधोमध एक दाराचा फ्लॅट. तिसरी बेल झाली, पडदा उघडला आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याला मागून आधार दिलेली ब्रेस सुटली. आवाज नाही काही नाही, नुसता तो फ्लॅट हळूहळू प्रेक्षकांकडे झुकायला लागला. मी आणि अजून एक मुलगा, दोघं पळत गेलो आणि मागून धरला. बस. पुढची सगळी एकांकिका, चाळीस मिनिटं, आम्ही दोघं तो फ्लॅट धरून उभे, वाकून, कारण सरळ उभं राहिलं तर डोकी खिडकीतून दिसणार. नट मंडळींना माहितीच नाही, ते येतायत, दार आपटून जातायत, प्रत्येक आपटीला माझ्या खांद्यात कळ. माझ्या नाकावर डास बसला तो चावून, पिऊन, आरामात उडून गेला, मी त्याच्याकडे बघत होते तिरळ्या डोळ्यांनी. समोरचा मुलगा माझं ते बघून हसायला लागला आणि हसण्याने फ्लॅट हलायला लागला. बक्षीस काही मिळालं नाही, पण नंतर एका परीक्षकांनी खास सांगितलं की ते सतत थरथरणारं दार, घरातल्या अस्थिरतेचं प्रतीक, ते फार आवडलं!!

तर या पिक्चरचा तिसरा भाग म्हणजे ते दार मागून बघणं आहे. प्रत्येक गोष्ट जी तुम्हाला पहिल्या भागात फालतू वाटलेली, लांबलेली शांतता, छंदाचा प्रश्न, बाहेर गेलेला साउंडवाला, पडलेला कॅमेरा, लग्नाच्या व्हिडिओवालं झूम, त्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी जीव तोडून काहीतरी सावरत असतं. समोर तीन जण उभं राहून छंदाच्या गप्पा मारतायत कारण मागे दारुडा नट झोपलाय आणि दोघं त्याला कळसूत्री बाहुलीसारखे उभे करतायत. समोरून "वेळ काढा" म्हणून पुठ्ठा दाखवलाय. ज्यांनी कधी नाटकात एंट्री चुकलेल्या नटाची वाट बघत स्टेजवर "आज ऊन फार आहे नाही" केलंय त्यांना हा सीन बघताना पोटात गोळा येईल आणि त्याच वेळी हसून पोट दुखेल. मूळ प्रेरणाही एका नाटकाचीच आहे या पिक्चरला, आणि ते कळल्यावर मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

सगळ्यात मला आवडलेलं म्हणजे डायरेक्टरचा तो सुरुवातीचा आरडाओरडा. पहिल्यांदा बघताना वाटतं की केवढा ओव्हर करतोय हा. नंतर कळतं की तो महिनाभर "चालेल चालेल" म्हणालेला गरीब माणूस आहे आणि भूमिकेच्या आडून पहिल्यांदा, लाइव्ह टीव्हीवर, हिरो-हिरोईनला जे बोलायचं होतं ते बोलून घेतोय, स्क्रिप्टमध्ये नसलेलं. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना अशी एक भूमिका मिळायला पाहिजे.

आणि बायको! जास्त सांगत नाही. "पोम!" एवढंच लक्षात ठेवा.

शेवटचा शॉट वरून घ्यायचा असतो, क्रेनने, आणि क्रेनचं काय होतं आणि मग ते काय करतात तेही सांगणार नाही. आमच्या खोलीत त्यावेळी कोणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे होते, क्रिकेट मॅचसारखे. मंद्या सगळ्यात पुढे.

आता पैशाचं बोलू कारण त्याशिवाय यातली गंमत पूर्ण होत नाही. ३० लाख येन. त्यावेळच्या भावाने आपले साधारण सतरा-अठरा लाख रुपये. इतक्या पैशात पुण्यात चांगल्या कार्यालयात दोन दिवसांचं लग्न होतं, घोडा धरून. शिनिचिरो उएदा हा डायरेक्टर, टोकियोतल्या एका सिनेमा-अभिनय शिकवणाऱ्या संस्थेच्या वर्कशॉपमधून निघालेला हा प्रोजेक्ट, नट जवळपास सगळे अनोळखी, आठ दिवसांत शूटिंग. २०१८ च्या जूनमध्ये टोकियोत दोन थेटरात लागला. दोन. मग लोकांनी लोकांना सांगितलं, "काही विचारू नको, जाऊन बघ" एवढंच सांगत असणार कारण दुसरं काही सांगताच येत नाही, आणि वाढत वाढत तीनशेच्या वर थेटरांत गेला, कमाई ३०० कोटी येनच्या पुढे. म्हणजे घातले त्याच्या हजारपट. पण खरं सांगायचं तर बघताना पैसा डोक्यात येत नाही, येतं ते हे की त्यांच्याकडे पैसे असते तर हा पिक्चर झालाच नसता. चांगली क्रेन असती, शुद्धीवरचा नट असता, तर उरलं काय? एक बऱ्यापैकी झोंबीपट.

याचा पुरावा म्हणजे फ्रेंच लोकांनी २०२२ मध्ये याचा रिमेक केला, ऑस्करवाला डायरेक्टर, कान महोत्सवाची सुरुवात त्याने झाली, मोठे नट. मी बघितला. वाईट नाहीये. पण श्रीमंत माणूस गरिबाची फजिती करून दाखवतो तेव्हा कपड्यांची इस्त्री दिसतेच ना, तसं झालंय. मूळचाच बघा.

तक्रारी. एक, हॉरर म्हणून बघायला बसलात तर घाबरायला काहीही होणार नाही, माझी सात वर्षांची भाची घाबरेल कदाचित, पण तिला दाखवू नका कारण हात तुटणं, रक्त, कुऱ्हाड सगळं आहे. दोन, उलटी आणि जुलाब हे दोन्ही विषय सविस्तर आहेत, त्यामुळे जेवताना नको, आम्ही मिसळ घेऊन बसलेलो, मोठी चूक. तीन, सबटायटल्स. जपानी लोक एकाच वेळी तिघं ओरडतात आणि खाली दोन ओळी येऊन निघून जातात, त्यात आमच्या चादरीला घडी पडलेली असल्याने खालची ओळ कायम वाकडी. ज्यांना इंग्रजी सबटायटल्स भरभर वाचायची सवय नाही त्यांनी एकट्याने बघून मध्ये मध्ये थांबवलं तर चालेल, पण मग हसायला सोबत नाही, तो एक तोटा. हा पिक्चर एकट्याने बघणं म्हणजे एकट्याने पत्ते खेळणं. चार, मधल्या भागाबद्दल आधी बोललेच आहे. त्यासाठी अर्धा मार्क कापते, पाचातले साडेचार.

भाड्याने घेऊन बघितला, पैसे वसूल, ९६ मिनिटांचा आहे, रात्री दहाला लावला तर साडेअकराला मोकळे. असं मी सगळ्यांना आधी सांगितलेलं.

प्रत्यक्षात घरी गेले सगळे दोन वाजता. कारण पावणेबाराला पिक्चर संपल्यावर मंद्या म्हणाला की एक मिनिट, पहिलं परत लाव. पहिली ३७ मिनिटं. ज्यातून तो उठून चाललेला. परत लावली, आणि यावेळी जिथे जिथे आधी शांतता होती तिथे तिथे सगळे फुटत होते, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येऊन गेला, आईने आतून दोनदा हाक मारली. साउंडवाला उठून दाराकडे निघाला तसा मंद्या चादरीपाशी जाऊन, बोट लावून, अगदी काळजीच्या सुरात म्हणतो, "हा बघ, आत्ता आली त्याच्या पोटात कळ."